संशोधन परिषदेला का जायचं आणि कसं जायचं: नाशिकच्या संशोधकांसाठी

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयात राहून पीएचडी करणाऱ्याला आता लेखांची टंचाई फारशी जाणवत नाही. टंचाई आहे ती माणसांची. विभागात चार-पाच जण असतात आणि प्रत्येकाचा विषय वेगळा असतो. द्राक्षावरच्या केवडा रोगावर काम करणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर गोदावरीतलं शेवाळ मोजणारी बसते. दोघांचं छान जमतं, डबाही एकत्र खातात, पण ‘तुझी पद्धत इथे लंगडी पडतेय’ असं अधिकाराने सांगणारं आजूबाजूला कोणी नसतं. गाईड असतात, पण त्यांच्याकडे इतरही विद्यार्थी असतात, शिवाय पेपर तपासणी आणि नॅकचं, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाचं काम. अशा वेळी आपल्याच प्रश्नावर डोकं घालणारी पन्नास माणसं दोन दिवस एका छताखाली भेटतात, हाच परिषदेचा मोठा फायदा.

म्हणून या लेखातलं सगळं एका मुद्द्याभोवती आहे: काम पूर्ण व्हायच्या आधी, त्यात बदल करायला वेळ हातात असताना, ते जाणकारांपुढे न्यायचं. तयारी कशी करायची, कुठे जायचं आणि कुठे जायचं टाळायचं, हे त्यावरून ठरतं.

जायचं कशासाठी

सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे युरोपातले रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस जमले होते. अणुभार कसे मोजायचे यावर तेव्हा इतका गोंधळ होता की पाण्याचं सूत्रसुद्धा सगळे एकसारखं लिहीत नसत. तीन दिवसांच्या चर्चेत एकमत काही झालं नाही. पण शेवटी इटलीच्या कानिझारो यांची, अणुभार कसे ठरवायचे ते सांगणारी एक छोटी पुस्तिका उपस्थितांना वाटली गेली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर यांनी ती परतीच्या वाटेवर वाचली आणि आपल्या डोळ्यांवरचं झापड गळून पडलं असं पुढे लिहून ठेवलं. तरुण मेंडेलीव्हही त्या परिषदेला हजर होते. त्यांची आवर्तसारणी १८६९ साली आली, आणि ती सुधारलेल्या अणुभारांशिवाय मांडता आली नसती. औपचारिक कार्यक्रमात एकमत झालं नाही, तरी तिथे हाती पडलेल्या कागदाने विषयाची दिशा बदलली.

आपल्याकडे परिषदांना जाण्यामागे दुसरंही एक कारण असतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंध सादर करण्याला गुण आहेत: राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २, राष्ट्रीय ३, देशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ५ आणि परदेशात ७. पीएचडीच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध देण्याआधी दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमांतून ती सक्ती गेली, पण विद्यापीठं स्वतःच्या अटी ठेवू शकतात, म्हणून आपल्या संशोधन केंद्रात विचारून घ्या. बढतीसाठी गुण लागतात हे खरंच आहे. फक्त गुणांसाठी म्हणून ज्या परिषदा भरतात, त्यांत तुमच्या कामाला काही मिळत नाही, आणि तितकाच वेळ नि पैसा खऱ्या परिषदेला दिला तर गुणही मिळतात आणि कामही पुढे सरकतं.

परिषदेचं चक्र कसं फिरतं

आयोजक सहा महिने ते वर्षभर आधी निवेदन काढतात. त्यात विषय, उपविषय आणि तारखा असतात. तुम्ही अडीचशे-तीनशे शब्दांचा गोषवारा, म्हणजे कामाचा सारांश, पाठवता. विषयातले दोन-तीन जण तो वाचतात आणि मग तोंडी सादरीकरण, पोस्टर किंवा नकार असं उत्तर येतं. स्वीकार झाला की नोंदणी, आणि लवकर पैसे भरले तर शुल्क कमी. प्रत्यक्ष परिषदेत उद्घाटन, एखाद्या ज्येष्ठांचं बीजभाषण, मग एकाच वेळी तीन-चार दालनांत चालणारी सत्रं. प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं, वर प्रश्नांना तीन-पाच मिनिटं, आणि वेळ सांभाळायला सत्राध्यक्ष. पोस्टरना वेगळा तास-दीड तास.

विषयागणिक रीत मात्र बदलते. संगणकशास्त्रात नावाजलेल्या परिषदेचा पेपर नियतकालिकाच्या तोडीचा मानतात, त्यामुळे तिथे पूर्ण लेखच पाठवायचा असतो आणि कसून परीक्षण होतं. शेती, वैद्यक, जीवशास्त्रात बहुतेक ठिकाणी गोषवारा पुरतो आणि खरा लेख पुढे नियतकालिकाला जातो. इतिहास-समाजशास्त्रात पेपर वाचून दाखवतात. भारतीय इतिहास परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३५ साली पुण्यात भरलं, आजही ती वर्षातून एकदा भरते आणि नव्या संशोधकांना तिथे जागा असते. मराठीतून मांडणी करायची असेल तर मराठी अर्थशास्त्र परिषदेसारख्या संस्थांची वार्षिक अधिवेशनं आहेत. मराठीत मांडलेला निबंध कमी दर्जाचा, असं मानायचं कारण नाही. उलट, ज्या शेतकऱ्यांवर किंवा वस्त्यांवर काम केलं त्यांच्या भाषेत चर्चा झाली तर प्रश्न अधिक टोकदार येतात.

निवड: कुठे जायचं, कुठे नाही

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे आपल्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत वारंवार येणारी पाच नावं काढा आणि ती माणसं गेल्या दोन-तीन वर्षांत कुठे बोलली ते त्यांच्या संस्थेच्या पानावर पाहा. तीच तुमची परिषद. केवड्यावर काम करणाऱ्याने पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली मंडळी कुठल्या व्यासपीठांवर असतात ते पाहावं. वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या सर्वसाधारण परिषदेत त्याला टाळ्या मिळतील, पण उपयोगाचा प्रश्न क्वचित मिळेल.

बनावट परिषदा ओळखणं अवघड नाही. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, योग आणि साहित्य एकाच छत्राखाली असेल, गोषवारा पाठवल्यावर एका दिवसात ‘अभिनंदन’ आलं असेल, परीक्षकाचा एक शब्दही नसेल आणि पुढच्या ओळीत क्यूआर कोड असेल, तर थांबा. समितीवर मोठं नाव दिसलं तर त्या व्यक्तीला सरळ मेल करून विचारा. अनेकदा त्यांना पत्ताच नसतो. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निव्वळ निरर्थक वाक्यांचा एक पेपर तयार करून घेतला आणि तो एका परिषदेने स्वीकारलाही. अशा ठिकाणी तुमचा चांगला पेपर गेला तर त्याचीही किंमत तेवढीच होते, आणि पुढे मुलाखतीत त्याचं नाव घ्यायची लाज वाटते.

पहिल्यांदाच उभे राहणार असाल तर घराजवळून सुरुवात करा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. प्राचीन नाणी आणि शिलालेख हा विषय असेल तर त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था १९८० पासून काम करते. त्रिरश्मी लेण्यांतले सातवाहन लेख डोंगरावर असताना नाशिकच्या अभ्यासकाने त्यांच्यावर बोलायला दिल्लीची वाट पाहत बसू नये. महाविद्यालयातली एकदिवसीय चर्चासत्रंही सरावाला चांगली, फक्त तिथे विषयाचा एक तरी जाणकार येणार आहे ना, तेवढं पाहा.

तारखा मागून मोजा

इथे बरेच जण फसतात, म्हणून थोडं सविस्तर. परिषद फेब्रुवारीत असेल तर गोषवाऱ्याची मुदत साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संपते. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीचं काम तेव्हाच सुरू होतं आणि केवड्याची खरी निरीक्षणं त्यानंतरच्या पावसात मिळतात. म्हणजे गोषवारा लिहिताना या हंगामाचा आकडा हातात नसतो. दोन रस्ते उरतात. मागच्या हंगामाच्या आकड्यांवर गोषवारा द्यायचा आणि नवे आकडे आले तर भाषणात ‘यंदा असं दिसतंय’ म्हणून जोडायचे. किंवा उन्हाळ्यानंतर भरणारी परिषद निवडायची. अजून न मिळालेला निष्कर्ष गोषवाऱ्यात लिहून टाकणं हा तिसरा रस्ता दिसतो, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. आकडे उलटे आले तर दालनात उभं राहून स्वतःच्याच गोषवाऱ्याविरुद्ध बोलावं लागतं.

याच टप्प्यावर आणखी दोन गोष्टी ठरवा. पूर्ण लेख परिषदेच्या आयएसबीएन (पुस्तक क्रमांक) असलेल्या संग्रहात छापून आला तर बरीच नियतकालिकं तो ‘आधीच प्रकाशित’ म्हणून परत करतात. म्हणून चांगलं काम असेल तर परिषदेला फक्त गोषवारा द्या. आणि औषधनिर्माण किंवा अभियांत्रिकीत पेटंट घेण्याजोगं काही असेल तर जाहीर बोलण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज दाखल करा. पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात.

गोषवारा

परीक्षक एका बैठकीत चाळीस-पन्नास गोषवारे वाचतो. त्यातले निम्मे असे असतात:

‘महाराष्ट्रात द्राक्ष हे महत्त्वाचे पीक आहे. नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. केवडा रोगामुळे शेतकऱ्यांचे मोठे नुकसान होते. प्रस्तुत संशोधनात या रोगाच्या विविध पैलूंचा सखोल अभ्यास केला असून महत्त्वपूर्ण निष्कर्ष मांडले आहेत.’

चार वाक्यं झाली, पण काय केलं ते कळलं नाही. आता समजा, तेच काम असं मांडलं:

‘ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसात शेतकरी केवड्यासाठी ठरावीक दिवसांनी फवारणी करतात. पान किती तास ओलं राहिलं हे मोजून फवारणी ठरवली तर फवारण्या कमी होतील का, हे आम्ही दोन हंगाम तपासलं. निफाड तालुक्यातल्या आठ बागांत निम्म्या ओळींवर नेहमीची आणि निम्म्या ओळींवर ओलाव्यानुसार फवारणी केली. पहिल्या हंगामात रोग दोन्हीकडे सारखाच राहिला आणि फवारण्या कमी लागल्या. दुसऱ्या, जास्त पावसाच्या हंगामात तसं झालं नाही. या फरकाची कारणं इथे मांडली आहेत.’

हा नमुना काल्पनिक आहे, तुम्ही जागोजागी आपले खरे आकडे घाला. दुसऱ्या हंगामात जमलं नाही, हे झाकलं नाही म्हणूनच हा गोषवारा वाचावासा वाटतो. जाणकार माणूस त्या वाक्याशी थांबतो आणि तुमच्या सत्राला येतो. पाठवण्याआधी गाईडचा आणि सहलेखकांचा होकार लेखी घ्या, नावांचा क्रमही तेव्हाच ठरवा. नंतर त्यावरून कटुता येते.

रजा, पैसे, प्रवास

स्वीकृतीचं पत्र आलं की त्याच आठवड्यात प्राचार्यांकडे कर्तव्य रजेचा अर्ज द्या, सोबत पत्राची प्रत जोडा. परीक्षेच्या काळातली परिषद असेल तर पर्यवेक्षणाची बदली कोण करणार तेही अर्जात लिहा, सही लवकर होते. परदेशी जायचं असेल तर ना हरकत प्रमाणपत्र आणि व्हिसा यांनाच दोन-तीन महिने धरा. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांनी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची, म्हणजे पूर्वीच्या सर्बची, प्रवास योजना पाहावी आणि समाजशास्त्रवाल्यांनी आयसीएसएसआरची, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची. विद्यार्थ्यांनी आयोजकांना शुल्कमाफी किंवा स्वयंसेवकाच्या कामाबद्दल विचारावं. मेलला दोन ओळी लागतात, आणि चांगल्या परिषदांत त्यासाठी तरतूद असते.

पावत्या, बोर्डिंग पास, हजेरीचं प्रमाणपत्र, सगळं मूळ स्वरूपात एका पाकिटात ठेवा. प्रतिपूर्ती अडते ती याच कागदांवाचून.

मुंबईला पंचवटीने सकाळी निघालात तर सीएसएमटीला उतरेपर्यंतच साडेदहा वाजून जातात, पुढे लोकल किंवा टॅक्सी. तुमचं सत्र पहिलंच असेल तर आदल्या दिवशी जा. पुण्याला रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि चाकणची कोंडी कुणाला चुकत नाही. धापा टाकत दालनात शिरून माईक हातात घेण्यासारखा दुसरा त्रास नाही.

भाषण आणि पोस्टर

बारा मिनिटं मिळाली तर दहा-बारा स्लाइड. पहिल्या दीड मिनिटात प्रश्न काय ते सांगा, द्राक्षाचा इतिहास नको. ऐकणाऱ्यांना तो ठाऊक आहे म्हणूनच ते आलेत. पद्धतीला तीन मिनिटं, निष्कर्षांना पाच, उरलेला वेळ ‘मला इथे शंका आहे’ याला. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात, आणि परिषदेला येण्याचा हेतू तर तोच असतो. मोठ्याने, घड्याळ लावून, दुसऱ्या विभागातल्या कुणासमोर तरी सराव करा. मराठीच्या प्राध्यापिकेला तुमचा आलेख समजला तर सगळ्यांना समजेल. फाइल पीपीटीसोबत पीडीएफमध्येही न्या. परक्या संगणकावर देवनागरी फॉन्ट नसला की जोडाक्षरांचे तुकडे होतात.

पोस्टरचंही तेच. फ्लेक्सवाल्याकडे बऱ्याचदा जुने फॉन्ट असतात. त्याला वर्डची फाइल देऊ नका, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि छापण्याआधी पडद्यावर प्रत्येक ओळ स्वतः वाचा. माप आयोजक सांगतील ते. नेहमीचं ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. उभं की आडवं ते विचारून घ्या. मजकूर कमी, एक मोठा आलेख मधोमध, आणि दीड मीटरवरून वाचता येईल एवढं अक्षर. पोस्टरला दुय्यम मानू नका. भाषणानंतर तीन प्रश्न येतात, पोस्टरपाशी एखादा जाणकार वीस मिनिटं थांबतो.

प्रश्न येतात तेव्हा

वरच्याच कामावर मागून हात वर होतो: “ओळी शेजारी शेजारी होत्या ना? मग एका ओळीचा फवारा दुसरीवर उडाला नसेल कशावरून?”

इथे घशाला कोरड पडते. प्रश्न मुळावर घाव घालणारा आहे. उत्तर असं देता येतं: “मध्ये एक ओळ मोकळी सोडली होती, पण फवारणीच्या वेळचा वारा मोजलेला नाही. म्हणून हा परिणाम शून्य आहे असं मी म्हणू शकत नाही. तुम्ही असं मोजमाप केलं असेल तर सत्रानंतर भेटू का?” एवढं पुरे. गोल गोल बोललात तर विचारणारा गप्प बसतो आणि तुमची त्याच्याशी ओळख होता होता राहते. कबूल केलंत तर चहाच्या टेबलावर तोच स्वतः येतो आणि कागदाचे पट्टे झाडावर लावून फवारा कुठवर जातो ते कसं पाहायचं, हे रुमालावर काढून दाखवतो.

उभं असताना कुणी काय विचारलं ते नंतर आठवत नाही. म्हणून बरोबरच्या मित्राला किंवा मैत्रिणीला प्रश्न आणि विचारणाऱ्याचं नाव लिहून घ्यायला सांगा. एकटे असाल तर सत्राध्यक्षांच्या परवानगीने फोनवर तेवढा भाग ध्वनिमुद्रित करा.

काही प्रश्न प्रश्न नसतात, विचारणाऱ्याचं छोटं भाषण असतं. ‘सर, मुद्दा लक्षात घेतो’ म्हणून पुढे जा.

दालनाबाहेर

सगळी सत्रं ऐकायचा अट्टहास धरू नका. आदल्या रात्री कार्यक्रमपत्रिकेवर खुणा करा: हे ऐकायचंच, हे जमलं तर. मधल्या वेळात ठरवलेल्या तीन-चार माणसांना भेटा. ज्येष्ठ व्यक्तीभोवती घोळका असतो, तिथे सेल्फी मागण्याऐवजी एक नेमका प्रश्न विचारा: “मॅडम, तुमच्या लेखात पानाचा ओलावा मोजायला जो सेन्सर वापरलाय, तो आमच्याकडच्या धुक्यात खोटं वाचन देतो का?” असं विचारणाऱ्याचा चेहरा लक्षात राहतो. आधी मेल करून ‘मी त्या दिवशी तिथे आहे, दहा मिनिटं मिळतील का’ असं विचारलं तर आणखी बरं.

आणि आपल्याच वयाच्या संशोधकांशी मैत्री करा. सांगली-सोलापूरकडचा द्राक्षावर काम करणारा एखादा विद्यार्थी तुम्हाला कुठल्याही बीजभाषणापेक्षा जास्त देऊ शकतो. त्याच्याकडे वेगळ्या हवामानाचे आकडे असतात, तुमच्याकडे निफाडचे. सहलेखनाची बीजं बहुतेक वेळा अशीच, जेवणाच्या रांगेत पडतात. गावाकडून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलामुलींना हे सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं: चहाच्या टेबलावर मराठी, हिंदी, मोडकं इंग्रजी सगळं चालतं. काम पक्कं असेल तर समोरचा कान देऊन ऐकतो.

ऑनलाइन परिषदेत भाषणं ऐकता येतात आणि शुल्कही कमी असतं. पैसे नसतील तेव्हा तोही पर्याय घ्या. ही भेटगाठ मात्र तिथे जवळजवळ होत नाही.

परतल्यावर

पहिल्या आठवड्यातच तीन कामं उरका. भेटलेल्यांना छोटा मेल पाठवा, त्यात काय बोलणं झालं याची एक खूण असू द्या आणि कबूल केलेला लेख किंवा आकडे जोडा. लिहून घेतलेले प्रश्न गाईडसमोर ठेवा आणि त्यातले कुठले पुढच्या प्रयोगात घ्यायचे ते ठरवा. वारा मोजायचा तर वायुवेगमापक छाटणीच्या आधी हातात हवा, म्हणून त्याची मागणी आत्ताच टाका. तिसरं काम म्हणजे विभागात अर्ध्या तासाचं सांगणं: काय नवीन ऐकलं, कोण काय करतंय, पुढची परिषद कधी आहे. शेवाळ मोजणारीला त्यातलं एखादं नाव उपयोगी पडेल, आणि पुढच्या वर्षी तिचा गोषवारा तपासायला तुम्ही असाल.